लिनक्स टाकल्यावर विंडोज दिसत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! परवा म्हापशाहून मावसबहिणीचा फोन आला. अगदी रडवेली झाली होती. "दादा, लिनक्स टाकलं आणि विंडोज गेलं रे. कॉलेजचा सगळा प्रोजेक्ट त्यात होता." दुकानात तिला सांगितलं होतं, फॉरमॅट मारावा लागेल. म्हटलं, थांब, कशालाही हात लावू नकोस.

म्हापशाच्या स्टँडवर कंडक्टर "पणजी, पणजी" ओरडला नाही, म्हणून पणजीची बस सुटलेली नसते. तसंच आहे हे. विंडोज जागेवरच असतं. ग्रब, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा लिनक्सचा मेनू, त्याचं नाव पुकारत नाही, एवढंच.

मशीन सुरू करणाऱ्या जुन्या बायोस प्रोग्रामच्या काळात ही भीती खरी होती. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये एकाच बूटलोडरला, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला जागा. जो शेवटी आला, त्याने आधीच्याला पुसलं. आता बायोसच्या जागी यूईएफआय आलं; अशा लॅपटॉपमध्ये ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा असतो आणि त्यात प्रत्येकाचा वेगळा फोल्डर. मायक्रोसॉफ्टचा वेगळा, उबंटू या लिनक्सचा वेगळा.

म्हणून आधी खात्री करा. लॅपटॉप सुरू होताना एफ-१२ दाबा; कंपनीप्रमाणे बटण बदलतं. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' दिसला आणि विंडोज उघडलं, तर तुमच्या फायली सुखरूप आहेत. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. ती हरवली तर मात्र मीसुद्धा काही करू शकणार नाही.

आता मूळ कारण. ग्रब २.०६ आलं २०२१ मध्ये. तेव्हापासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. उबंटू किंवा मिंट या लिनक्सवर टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी उघडा. इटीसी फोल्डर, त्यात डीफॉल्ट, त्यात ग्रब ही फाइल सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने उघडा. स्क्रीनवर बघा, ही ओळ: 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर', पुढे बरोबरचं चिन्ह आणि 'फॉल्स'. तिच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा. ओळच नसेल तर शेवटी लिहा, बरोबरच्या चिन्हाआधीच्या शब्दांमध्ये अंडरस्कोर विसरू नका. सेव्ह करा आणि चालवा: सुडो अपडेट-ग्रब.

बहिणीला व्हिडिओ कॉलवर हेच करायला लावलं. एकेक ओळ सरकत गेली आणि मग आलं, 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर'. ती ओरडलीच!

विंडोजमध्ये गेलात की पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका: लिनक्स मशिनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज ती भारतीय वेळ समजून वाचतं. ते दुरुस्त करायची कमांड खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिली आहे.