परतीचा रस्ता नसलेली आठवण : टेरेन्स डेव्हिसचा सिनेमा

मित्रहो, सिनेमात आठवण म्हटली की आपल्यापुढे फ्लॅशबॅक येतो. एक 'आज' असतो, तिथून मागे जायचं आणि काम झालं की तिथेच परत यायचं. ब्रिटिश दिग्दर्शक टेरेन्स डेव्हिसनं हा परतीचा रस्ताच काढून टाकला.

हा माणूस इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. जन्म १९४५चा, कामगारवस्तीतल्या कॅथलिक घरातला. घरातलं शेंडेफळ. बाप मारकुटा, डेव्हिस लहान असतानाच तो वारला. पुढे डेव्हिसनं बरीच वर्षं कारकुनी केली, मग नाट्यशाळा, मग सिनेमा.

'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ज' (१९८८) सुरू होतो तो पावसात. रेडिओवर जहाजांसाठीचं हवामानवृत्त चाललंय. आई जिन्याखालून मुलांना हाका मारते. मुलं उतरतायत, बोलतायत, सगळं ऐकू येतं. जिना मात्र रिकामाच. मग कॅमेरा सावकाश दाराकडे वळतो. ही मुलं आत्ताची की तेव्हाची? सिनेमा सांगत नाही. लग्नाच्या दिवसातून बापाच्या मरणात, तिथून युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात आपण जातो, पण सालाची पाटी कुठेही नाही. आठवणीला कुठे कॅलेंडर असतं!

एक दृश्य मुद्दाम सांगतो. आई खिडकीच्या चौकटीत बसून बाहेरच्या बाजूनं काच पुसतेय. मुलीचा आवाज विचारतो, याच्याशी लग्न का केलंस? आई म्हणते, चांगला होता, नाचायचा छान. आणि लगेच तो तिला बेदम मारताना दिसतो. वर आवाज जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचा, गाणं 'टेकिंग अ चान्स ऑन लव्ह'. काही जणांना इथे उपरोध दिसतो. मला तसं वाटत नाही. त्या घरात गाणं आणि मार दोन्ही होतं, आणि ते एकत्रच आठवतं. बापाला सैतान करून मोकळं होणं सोपं होतं. पीट पोस्टलथ्वेटनं रंगवलेला हाच बाप नाताळच्या रात्री झोपलेल्या मुलांकडे मायेनं बघतो, आणि ते बघवत नाही.

'द लाँग डे क्लोजेस' (१९९२) मवाळ आहे. बाप नाही, घरात मार नाही. आई, भावंडं आणि सिनेमा थिएटर. त्यात कॅमेरा बराच वेळ नुसत्या गालिच्यावर थांबतो. ऊन येतं, ढगाआड जातं, पुन्हा येतं. घडत काहीच नाही. पण घरात एकट्या बसलेल्या पोराची दुपार एवढीच लांब असते. कंटाळवाणं वाटलं तर वाटू द्या.

'ऑफ टाइम अँड द सिटी' (२००८) हा लिव्हरपूलवरचा माहितीपट मात्र मला पुरता पटत नाही. जुनी चित्रफीत दुसऱ्यांची, निवेदन त्याचं स्वतःचं. बीटल्सच्याच गावात बसून तो बीटल्सची टर उडवतो, राजघराण्यालाही सोडत नाही, मजा येते. पण तिथे तो बोलतो फार. जे आधी रिकामा जिना सांगत होता, ते आता तो स्वतः सांगायला लागतो.