मॅचसाठी पैसे मोजावेत का?

श्रोतेहो, नमस्कार. क्रिकेटचा हंगाम जवळ आला की रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत पोरं एकच विचारतात, ‘मोबाइलवर मॅच बघायचा पॅक घेऊ का भो?’

आधी फुकट काय मिळतं ते ऐका. २००७ च्या कायद्याप्रमाणे भारताच्या पुरुष संघाचे वनडे आणि टी-२० सामने, प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या वाहिनीला, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीलाही द्यावेच लागतात. ते डीडी फ्री डिशवर, डीडी स्पोर्ट्सला दिसतात. छत्री एकदा बसवली की महिन्याचं भाडं नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा सिग्नल खासगी केबलवाल्यांना मिळणार नाही. म्हणून केबलवर मॅच दिसली नाही, तर केबलवाल्याशी भांडू नका. तुम्हाला फक्त भारताच्या पुरुष संघाच्या वनडे आणि टी-२० मॅच बघायच्या असतील, तर पॅकवर एक रुपयाही घालू नका.

आयपीएल आणि प्रो कबड्डीचं तसं नाही. तिथं बहुतेक वेळा पैसे लागतात. २०२५ मध्ये मॅच दाखवणारं जिओहॉटस्टार ॲप सुरू झालं, तेव्हा मोबाइलचा पॅक तीन महिन्यांना १४९ आणि वर्षाला ४९९ रुपये होता. रक्कम मोठी वाटत नाही. पण तो एकाच मोबाइलवर चालतो. घरातले सगळे टीव्हीसमोर बसणार असतील तर वरचा पॅक घ्यावा लागतो, आणि चालू मॅचमधल्या जाहिराती तरीही सुटत नाहीत.

खरा खर्च डेटाचा. चांगल्या चित्राला तासाला एक जीबी सहज जातो आणि टी-२० साडेतीन तास चालते. रोजचा दीड जीबी दुसरी इनिंग सुरू होण्याआधीच संपतो. रात्रपाळीच्या लाइटवर केळीला पाणी भरणारे आपले कितीतरी भाऊ ठिबकच्या फिल्टरला मोबाइल टेकवून मॅच लावतात. रेंज कमी पडली की चक्री फिरत राहते, आणि शेजारच्या मळ्यात रेडिओ ऐकणारा सिक्सरला आधीच ओरडतो. अशा ठिकाणी पॅक घेऊन मन मारण्यापेक्षा कॉमेंट्री शंभर पटीनं बरी.

घरी वायफाय असेल आणि तुम्ही आयपीएल रोज बघत असाल, तर जरूर घ्या, पण तीन महिन्यांचाच. आयपीएल दोन-सव्वादोन महिन्यांत उरकतं. आणि पैसे भरल्या दिवशीच यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटो-पे बंद करा. नाहीतर कपाशीच्या लागवडीत, हात आखडता असताना, खात्यातून पैसे परस्पर कापले जातील.