टाळ्या तेवढ्या ऐकू यायच्या

जुलै १९६१. विम्बल्डनचं सेंटर कोर्ट. पावसाने गवत ओलसर झालंय. महिलांच्या अंतिम सामन्यात दोघीही ब्रिटिश, असं १९१४ नंतर पहिल्यांदाच घडतंय. कुणीही जिंकलं तरी करंडक घरातच राहणार. तरी प्रेक्षकांचा जीव गुंतलाय तो क्रिस्टीन ट्रूमनमध्ये. वीस वर्षांची, उंचपुरी, बिनधास्त मारून खेळणारी पोरगी.

समोर अँजेला मॉर्टिमर. वय २९. तिला कमी ऐकू येतं. टाळ्या कळतात, बाकी फारसं काही नाही.

टेनिस नजरेचा खेळ खरा, पण चेंडू रॅकेटवर कसा बसला हे कानालाही कळतं. जोरात आलाय की नुसता कापलाय, ते आवाजावरून समजतं. अँजेलाला हे सगळं बघूनच ताडावं लागे. त्याची तिने कधी कुरकुर केली नाही. उलट, गोंगाट आत येत नाही म्हणून लक्ष लागतं, असं तिचं म्हणणं. पुढे श्रवणयंत्र लावून खेळून पाहिलं, तर चेंडूच्या आवाजानेच ती दचकली आणि खेळ बिघडला!

जन्म १९३२चा, प्लिमथचा. इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या पॅलेस हॉटेलमधल्या कोर्टांवर प्रशिक्षक आर्थर रॉबर्ट्स यांनी तिला घडवलं. बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, ठाण मांडायचं आणि चेंडू परतवत राहायचं, हा तिचा खाक्या. १९५५ला फ्रेंच विजेतेपद मिळवलं, तेही शेवटचा सेट १०-८ असा खेचून. मग इजिप्तमध्ये आमांशाने गाठलं, अंगातली ताकदच गेली. तब्येत सावरायला ऑस्ट्रेलियाला गेली आणि १९५८मध्ये तिथलं विजेतेपद घेऊन आली. त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत मात्र अमेरिकेच्या अल्थिया गिब्सनपुढे काही चाललं नाही.

आता पुन्हा सेंटर कोर्ट. पहिला सेट क्रिस्टीनने ६-४ घेतला. दुसऱ्यात ४-३ने पुढे. आणि तिचा पाय घसरला. उठली, पण हालचाल मंदावली. अँजेलाने काय करावं? तिने लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच चेंडू, मारायला सुरुवात केली, जाळ्याजवळच पडणारे ड्रॉप शॉट टाकले, क्रिस्टीनला पळवलं. काहींना ते रुचलं नाही. पण अंतिम सामन्यात दुसरं करायचं तरी काय?

४-६, ६-४, ७-५. अँजेला विजेती. पैसा शून्य, विम्बल्डन तेव्हा हौशी खेळाडूंचंच होतं.

१९६७मध्ये तिने टेनिसपटू जॉन बॅरेटशी लग्न केलं. पुढे बीबीसीवर विम्बल्डनचं समालोचन करणारे तेच. ऑगस्ट २०२५मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी, अँजेला गेली. तिच्या त्या सामन्यानंतर विम्बल्डनच्या महिला अंतिम फेरीत दोन ब्रिटिश खेळाडू समोरासमोर आल्या नव्हत्या.