वेस्टरडाइक बाईंची बुरशी

नमस्कार मंडळी. मुंबईत पाऊस लागला की चपला, पट्टे, माळ्यावरच्या बॅगा, सगळ्याला बुरशी धरते, आणि कोकणात गावी फोन लावला तर कुणाच्या आंब्याचा मोहोर भुरीने गेलेला असतो, कुणाच्या भाताला करपा. आज ह्या बुरशीमागे अख्खं आयुष्य घालवलेल्या एका बाईंबद्दल सांगायचंय.

योहाना वेस्टरडाइक, जन्म १८८३, नेदरलँड्स. खरं तर पियानो वाजवायचा होता, पण हाताच्या दुखण्याने ते राहिलं. मग वनस्पतिशास्त्र घेतलं, तर त्यांच्याकडे असलेल्या शाळेच्या सर्टिफिकेटवर आपल्याच देशात डॉक्टरेट करता येईना, म्हणून आधी म्युनिक, मग झुरिक गाठलं. १९०६ला डॉक्टरेट झाली आणि त्याच वर्षी, वय फक्त २३, अॅमस्टरडॅमच्या वनस्पतिरोग प्रयोगशाळेच्या डायरेक्टर! पाठोपाठ बुरशींचा एक संग्रहही त्यांच्याकडे आला, त्यात तेव्हा जेमतेम ८० नमुने होते.

आणि संग्रह म्हणजे वाळवून कागदात ठेवलेला नाही हं, जिवंत. टेस्ट ट्यूबमधलं खाणं संपत आलं की बुरशी नव्या ट्यूबमध्ये हलवायची, नाहीतर मेली. हे वर्षानुवर्षं, युद्ध असो नसो, आणि बाईंच्या हाताखाली तो आकडा दहा हजारांच्या आसपास गेला. मला ह्या चिकाटीचं फार म्हणजे फार कौतुक वाटतं.

१९१७ला उट्रेख्त युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाल्या, त्या देशातल्या पहिल्या महिला प्रोफेसर. ५६ जणांनी त्यांच्याकडे डॉक्टरेट केली, त्यात जवळपास निम्म्या मुली, त्या काळात! कामही दणकून आणि पार्टीही दणकून असा बाईंचा खाक्या होता.

त्या मुलींनी काय केलं ते ऐका. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात एल्मची मोठमोठी झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली, कुणी म्हणे दुष्काळ, कुणी म्हणे युद्धातला विषारी गॅस. बाईंची विद्यार्थिनी बेआ श्वार्झ, तिने १९२२च्या प्रबंधात दाखवलं की ही बुरशी आहे. खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या चोंदतात, म्हणजे चाळीत पाइप तुंबला की वरच्या मजल्यावर थेंब चढत नाही तसं, आणि शेंडा सुकतो. बऱ्याच जणांना पटलं नाही. मग दुसरी विद्यार्थिनी, क्रिस्टीन बाउसमन, हिने प्रयोग करून तेच पक्कं केलं आणि रोगाला दाद न देणारे एल्म शोधायच्या मागे लागली. ती १९३६ला गेली, तिच्या नावाचा एल्म नंतर बाजारात आला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या डेल्फ्ट शहरात एका कारखान्याने चोरून पेनिसिलीन बनवलं, त्यासाठीची बुरशीसुद्धा बाईंच्याच संग्रहातली.

बाई १९६१ला गेल्या, संग्रह अजून जिवंत आहे आणि २०१७पासून तो सांभाळणाऱ्या संस्थेला त्यांचं नाव आहे. आणि मंडळी, असा राष्ट्रीय संग्रह आपल्याकडेही आहे, लांब नाही, पुण्यात, आघारकर संशोधन संस्थेत.