मैदान, भरती आणि शेवटची एसटी

शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या मंडळी, ग्रामीण कॉलेजातल्या मुलामुलींना शारीरिक शिक्षणात काय आवडतं, असा विषय मला दिला आहे. आपण प्रवेशाच्या वेळी अर्जावर विचारतोच की. मुलं क्रिकेट लिहितात, काही जण कबड्डी लिहितात आणि तो कागद फाइलला लागतो. त्याच मुलाला पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर बघा. हातात बॅट नसते. तो पळत असतो. कशासाठी ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे: भरती.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर, बाकी तसंच. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत सगळ्यात मनापासून केला जाणारा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम माझ्या मते हाच आहे, आणि तो आपण कोणी ठरवलेला नाही.

यावर नाक मुरडणारे सहकारी मला भेटतात. म्हणतात, हे कसलं खेळावरचं प्रेम, ही तर नोकरीची धडपड. असेना का! खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले आणि १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर आधी फौजेत गेला, स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, त्याच्या आयुष्यात नंतर आली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, पुढे उपजिल्हाधिकारी झाली. आपल्याकडे खेळ आणि पोटापाण्याचा प्रश्न कधी वेगळे नव्हतेच. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे, त्याने निव्वळ हौसेखातर भालाफेक निवडावी ही अपेक्षा मला जरा शहरी वाटते.

मला खटकतं ते दुसरंच. मुलांनी निवड केली, घाम गाळायचीही तयारी आहे, पण शिकवणारा तिथे कोणी नाही. १६०० मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, फेरीला साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंद. हा साधा भागाकार कितीतरी मुलांना कोणी करून दाखवलेला नसतो. पहिली फेरी पासष्ट सेकंदांत मारतात, तिसरीत पाय जड होतात आणि चौथीत नुसती फरफट. त्यातून रोज घड्याळ लावून पूर्ण १६०० पळायचं, तेही डांबरावर, तळ झिजलेल्या बुटांत. दोन महिन्यांत नडग्या दुखायला लागतात. मग कोणीतरी सांगतं तेल चोळ, आणि हा तेल चोळून पुन्हा पळतो. आठवड्यातले तीन दिवस हळू पळ, मातीवर पळ, एखाद दिवस ४००-४०० मीटरच्या तुकड्यांत मध्ये दम घेत पळ, एवढं सांगायला आपली पदवी पुरेशी आहे.

गोळ्याचंही तेच. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. पोरं तो आंब्यावर दगड मारावा तसा भिरकावतात. गोळा तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी हवा. मानेला टेकलेला हवा. कोपर खाली पडता कामा नये. आणि ताकद पायातून, कमरेतून वर यायला हवी. गोळा ढकलायचा असतो. तंत्र नीट बसलं तर दंड न वाढवताही अंतर वाढतं. नाहीतर पहिला बळी जातो तो खांद्याचा.

आता मुलींकडे वळू. पसंती विचारली की बऱ्याच जणी योगासनं लिहितात. आपण खूश होतो, अहवालात छान दिसतं. पण कारण विचारून बघा. योगासनं वर्गात होतात, दार लावता येतं, अंगावरच्या सलवार कुडत्यात जमतात. मैदानावर यायचं तर कपडे बदलायला खोली लागते आणि आतून लागणारी कडी लागते. शिवाय साडेपाचची एसटी गेली की पुढची गाडी नसते. सराव आपण ठेवतो पाच वाजता! सराव सकाळी पहिल्या तासाच्या आधी घेतला आणि एका खोलीला कडी बसवली, तर योगासनं लिहिणाऱ्यांतल्याच काही जणी खो-खोला येतात, हे मी पाहिलं आहे. योगासनांना माझा विरोध नाही. नाइलाजाला आवड म्हणू नये, इतकंच.

कबड्डी आणि खो-खो गावात टिकले, त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांना खर्च नाही. खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा आणि दोन खांब, कबड्डीला त्याहून कमी. पण स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीत अनवाणी घडलेला चढाईपटू मॅटवर बूट घालून उतरला की पहिला अर्धा सामना पाय सावरण्यातच जातो, आणि तोवर समोरच्या संघाने बोनस गुण टिपलेले असतात.

‘शेतात राबणाऱ्या पोरांना व्यायाम कशाला’ हा प्रश्न अजून विचारला जातो, म्हणून दोन वाक्यं. नांगरट ट्रॅक्टरने होते आणि पोरगं बांधापर्यंत मोटरसायकलने जातं. आणि जे खरंच राबतात, त्यांची पाठ विळा-खुरप्याने वाकलेली असते; ती सरळ करायलाही व्यायामच लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला, योगाला श्रेयांक (क्रेडिट) मिळाले, चांगलं झालं. मात्र ज्याची हजेरी सोपी तो पर्याय मुलं घेणार, हेही गृहीत धरा.

प्राचार्यांपुढे ठेवायला माझी मागणी छोटी आहे. मुलं रस्त्यावर पळतात कारण त्या वेळी आपल्या मैदानाच्या फाटकाला कुलूप असतं. ते पहाटे साडेपाच ते साडेसात उघडं ठेवा. वॉचमनचा प्रश्न येईल, जबाबदारी कोणाची हाही येईल. आपण पाळीपाळीने येऊ. चुन्याने २०० मीटरचा ट्रॅक आखा, १६०० ला आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीची वेळ मुलांनीच एकमेकांची घ्यावी. आणि दोन्ही वजनांचे गोळे कपाटातून बाहेर काढा. कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, त्यांची नोंद आहे, मी बघितली आहे.