मोबाइलमधली उत्क्रांती आणि बोंडातली अळी

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यातली आपल्याकडची दुपार कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. पारा 44-45 वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि पोरं घरात कोंडलेली. गेल्या उन्हाळ्यात माझा नातू धुळ्याहून शहाद्याला सुट्टीला आला होता. आठवीत जाणारा मुलगा. कूलरसमोर बसून मोबाइलवर एकसारखं बोट आपटत होता. मी विचारलं, काय चाललंय रे? त्यानं स्क्रीन माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "आबा, हाई आपोआप वाढस!"

मी 30 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. त्याच्या स्क्रीनवर मला अमिनो आम्ल दिसलं, त्याच्या पुढे डीएनए, त्याच्या पुढे पेशी. मी चष्मा लावला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

त्या खेळाचं नाव सेल टू सिंग्युलॅरिटी. पेशीपासून सुरुवात करून माणूस, मग यंत्रं, आणि त्याच्याही पलीकडे, असा त्याचा पल्ला आहे. सुरुवातीला समुद्रातलं आदिम द्रव्य असतं. बोटानं ठोकलं की गुण जमतात. गुण जमले की अमिनो आम्ल घ्यायचं, ते स्वतःच गुण मिळवून देऊ लागतं. मग एकपेशीय जीव, मासे, पाय फुटलेले प्राणी, सरडे, सस्तन, वानर, माणूस. मोबाइल बाजूला ठेवून जेवायला गेलात तरी गुण जमतच राहतात. इंग्रजीत अशा खेळांना आयडल गेम म्हणतात. खेळणारा रिकामा बसलेला असतो आणि खेळ चालू असतो.

त्यातलं गणितही मला आवडलं. या प्रकारच्या खेळांमध्ये एकच वस्तू पुन्हा घ्यायची म्हटली की तिची किंमत दर वेळी ठरावीक पटीनं वाढते. 2013 साली आलेल्या कुकी क्लिकर या गाजलेल्या खेळात ती वाढ 15 टक्क्यांची होती. मी नातवाला वहीत मांडायला लावलं. 10 रुपयांची वस्तू, दर खरेदीला 15 टक्के वाढ. 5 खरेद्यांनंतर किंमत दुप्पट होते, 50 खरेद्यांनंतर 10 हजार रुपयांच्या वर जाते. सावकाराचं चक्रवाढ व्याज आपल्या मागच्या पिढ्यांनी कसं सोसलं असेल, ते त्याला त्या दुपारी आकड्यांत दिसलं.

पण मग तो म्हणाला, "आबा, मी एका दुपारीत एकपेशीय जीव संपवले." तिथे मी थांबलो. कारण एकपेशीय जीवांचा काळ दुपारभराचा नाही, आणि तो संपलेलाही नाही.

काळाची लांबी मुलांना कशी सांगावी हा माझा जुना प्रश्न. वर्गात मी दोरी ताणायचो. या वेळी मी तापी घेतली. तापी मुलताईला उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. आता असं समजा, की मुलताईला पृथ्वी जन्मली आणि समुद्र म्हणजे आजचा दिवस. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं, म्हणजे नदीचा एकेक किलोमीटर सुमारे 63 लाख वर्षांचा. जीवसृष्टीच्या निदान 350 कोटी वर्षांपूर्वीच्या खुणा मिळाल्या आहेत, म्हणजे मुलताई सोडल्यावर 166 किलोमीटरच्या आतच जीव आलेला आहे. पुढे भुसावळ आलं, सारंगखेडा आलं, आपलं प्रकाशा आलं. या सगळ्या वाटेत बहुतेक सूक्ष्मजीवच. आपला अख्खा खानदेश ओलांडून नदी गुजरातेत शिरते, तिथूनही बरीच पुढे जाते, समुद्र 86 किलोमीटरवर राहतो, तेव्हा कुठे नाना तऱ्हेच्या प्राण्यांची गर्दी होते. डायनोसॉर संपले तेव्हा समुद्र साडेदहा किलोमीटर उरला होता. आपली माणसाची जात गेली 3 लाख वर्षं आहे, ती भरली शेवटच्या 48 मीटरांत. आणि शेती? शेवटचे दीड मीटर. एक मोठं पाऊल.

नातू बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे प्रकाशाच्या घाटावर उभं राहिलं तर मासासुद्धा नाही?" मी म्हटलं, या हिशेबात नाही.

डायनोसॉरांसाठी या खेळात एक वेगळं खोरं दिलं आहे, मध्यजीव महाकल्पाचं. तिथे तो फार रमला. मी त्याला गच्चीवर नेऊन सातपुडा दाखवला. या डोंगराच्या पलीकडे नर्मदेचं खोरं. तिथे धार जिल्ह्यात डायनोसॉरांची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं 2023 साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. आणि आपल्या पायाखालचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच सुमाराला, थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. जळगावच्या खाणींत याच दगडाच्या पोकळ्यांतून झिओलाइटचे स्फटिक निघतात, जगभरच्या संग्रहालयांत ते मांडलेले आहेत. खोरं बघायला मोबाइल लागतोच असं नाही.

आता माझं मुख्य म्हणणं सांगतो. हा खेळ चांगला आहे. दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. तो धडा मुलं पाठ करतात आणि विसरतात. या खेळानं त्यातले शब्द माझ्या नातवाच्या तोंडी बसवले, तेही कुणी न सांगता. पण खेळाला खेळ म्हणून एक सोय करावी लागते. तिथे पुढचा जीव विकत घ्यावा लागतो. गुण जमले की मासा, आणखी जमले की सरडा. एकामागून एक पायऱ्या. त्यामुळे मुलाच्या मनात पक्कं बसतं, की माशाला पाय हवे होते म्हणून पाय आले, आणि सगळी सृष्टी आपल्यापर्यंत पोचायला निघाली होती. शाळेत 30 वर्षं मी हाच समज खोडत आलो. निसर्गात आधी फरक असतात, मग परिस्थिती येते, मग कोण टिकतं ते ठरतं. बाकीचे मरतात. खेळात मरण जवळजवळ नाहीच.

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुन्हा आला. कपाशीची वेचणी चालू होती. माझ्या धाकट्या भावाच्या शेतात आम्ही गेलो. भावानं त्याला एक किडकं बोंड दिलं आणि म्हणाला, फोड. आत सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी. जुलै-ऑगस्टमध्ये आला असतास तर डोमकळीही दाखवली असती, भाऊ म्हणाला. आतल्या अळीमुळे पाकळ्या चिकटून मिटलेलं राहिलेलं फूल ते.

नातवानं विचारलं, "पण बीटीचं बियाणं अळी मारतं ना?"

मारत होतं. बीटी कपाशी आपल्याकडे 2002 साली आली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्या झाडात घातलेलं, त्यामुळे झाड स्वतःच अळीला घातक प्रथिन तयार करतं. 2006 साली दोन जनुकांचं बियाणं आलं. सुरुवातीची ती वर्षं भावाला आठवतात. फवारण्या कमी झाल्या होत्या. पण लाखो अळ्यांत कुठेतरी एखादी अशी होतीच, जिला ते प्रथिन बाधत नव्हतं. बीटी यायच्या आधीपासून ती होती. बाकीच्या मेल्या, ती उरली, तिची अंडी उरली. एका हंगामात अळीच्या कितीतरी पिढ्या होतात. गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी 2009 साली आढळली. पुढे दुसरं जनुकही तिच्यापुढे टिकलं नाही, आणि 2017 च्या खरिपात या अळीनं महाराष्ट्रातल्या कपाशीचं जे नुकसान केलं ते तुमच्यापैकी पुष्कळांनी आपल्या शेतात पाहिलं आहे.

नातू म्हणाला, "मग अळीनं हे अपग्रेड कुठून घेतलं?"

श्रोतेहो, या प्रश्नासाठी मी त्या खेळाचा ऋणी आहे. अळीनं कुठूनही काही घेतलं नाही. कुणाला ते हवं होतं म्हणून आलं नाही. आपण शेतभर एकच चाळण लावली, आणि चाळणीतून जे निसटलं त्याचंच शेत झालं.

बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पिशवीबरोबर 120 ग्रॅमची बिगरबीटी सरकीची पुडी यायची, ती आठवते का? ती बांधाच्या कडेनं पेरायची होती. त्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या असत्या. प्रतिकाराचा हा गुण बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी तगते. त्या अळ्यांचे झालेले साधे पतंग शेतात असते, तर प्रतिकार असलेल्या पतंगाची जोडी बहुधा त्यांच्याशी जमली असती आणि पिल्लं बीटीवर मेली असती. गुलाबी बोंडअळी जगते मुख्यतः कपाशीवर, दुसऱ्या पिकांचा तिला फारसा आसरा नसतो. म्हणून ती पुडी महत्त्वाची होती. आमच्या घरात ती कोठीत पडून राहायची. इतक्याशा सरकीसाठी चांगली जागा का घालवायची, असं भावाला वाटायचं आणि विज्ञान शिकवणारा मीही काही बोललो नाही. त्यावर फरदड. पाणी आहे म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कपाशी उभी ठेवायची, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली खोडं, बांधावर रचून ठेवल्या की त्यातल्या किडक्या बोंडांत तिचा मुक्काम.

केळीबद्दलही नातवानं विचारलं. थोडक्यात सांगतो. रावेर-यावलची केळी बहुतेक कॅव्हेंडिश गटातली. तिला बी नाही, रोप कंदापासून किंवा प्रयोगशाळेतून, म्हणून एका जातीची सगळी झाडं जवळपास एकसारखी. जिथे फरकच नाही तिथे निवड कशातून होणार? एक रोग आला की सगळा बाग सारखाच उघडा पडतो.

आता नातू धुळ्याला परत गेला आहे. जाण्याआधी त्यानं काकाआजोबांच्या शेतात कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधानं बोंडअळीचे नर पतंग ओढून घेणारा सापळा, स्वतःच्या हातानं लावला. सलग 3 रात्री सापळ्यात 8-8 पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, हा हिशेब त्यानं वहीत लिहून घेतला आहे. खेळ अजून त्याच्या मोबाइलवर आहे, त्यात त्याची संस्कृती बरीच पुढे गेली आहे म्हणतो. पण रोज संध्याकाळी फोन येतो तो माझ्या भावाला. पहिला प्रश्न एकच असतो, आज किती पतंग? काल 5 होते.

नमस्कार.