गोल्डबर्ग गेले, आवाज बदलला

लास वेगासमध्ये ३० डिसेंबर २०१६ ची रात्र सरत आली होती आणि नागपुरात शनिवारची सकाळ उजाडली होती, तेव्हा अमांडा नुनेस यांनी रोंडा राऊझी यांना अवघ्या ४८ सेकंदांत हरवले. सगळ्यांचे लक्ष त्या पराभवाकडे लागलेले असताना, त्याच रात्री माइक गोल्डबर्ग यांचे यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स लढती भरवणाऱ्या संस्थेसाठीचे समालोचनही संपले. डिसेंबर १९९७ मध्ये योकोहामा येथील स्पर्धेपासून सुमारे एकोणीस वर्षे ऐकू येणाऱ्या या समालोचकाला रीतसर निरोप मात्र मिळाला नाही.

नागपुरातील चाहत्यांमध्ये या बदलाविषयी आजही दोन मते आढळतात आणि त्यांमागे कुस्तीचे संस्कार आहेत. आखाड्यात दोन्ही खांदे जमिनीला टेकले की निकाल लागतो. यूएफसीमध्ये मात्र पाठीवर पडलेला खेळाडूही जिंकू शकतो. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतील ओकलंड येथे चेल सॉनन यांनी चार फेऱ्यांहून अधिक काळ अँडरसन सिल्वा यांच्यावर वर्चस्व गाजवले, आणि पाचव्या फेरीत खाली दबलेल्या सिल्वा यांनी पायांच्या पकडीत त्यांची मान व हात अडकवून त्यांना हार मानायला लावली. अशा वेळी पडद्यावर केवळ दोन देहांची गुंतागुंत दिसते. प्रतिस्पर्ध्याचा हात हनुवटीखाली शिरला आहे की जबड्यावरच अडला आहे, हे कोणी सांगितले तरच नव्या प्रेक्षकाला लढत कळते.

हे बारकावे उलगडण्याचे काम प्रामुख्याने सहसमालोचक जो रोगन यांचे होते. घड्याळ, फेरी, खेळाडूंची माहिती आणि लढतीचा ओघ सांभाळणे ही गोल्डबर्ग यांची जबाबदारी होती. डावांची नावे सांगताना ते चुकत, अशी तक्रार करणाऱ्यांना त्यांच्या जागी आलेले जॉन ॲनिक अधिक पसंत आहेत, कारण ॲनिक यांची तयारी चोख असते आणि बोलणे नेमके असते. जुने चाहते मात्र म्हणतात की, लढत संपताच गोल्डबर्ग ‘इट इज ऑल ओव्हर’ अशी जी आरोळी ठोकत, तिने अंगावर काटा येत असे आणि तसा थरार पुन्हा अनुभवाला आला नाही.

आमच्या मते निवड योग्यच होती. ॲनिक २०१२ पासून यूएफसीच्या प्रक्षेपणांत होते आणि त्यांनी हे स्थान मेहनतीने मिळवले. चूक झाली ती पद्धतीत. जुलै २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना यूएफसीची विक्री झाली आणि नव्या मालकांनी अनेक बदल केले. समालोचक बदलण्याचा त्यांचा अधिकार मान्य केला, तरी ज्या माणसाने हा खेळ बदनामीच्या काळात घरोघरी पोहोचवला, त्याच्यासाठी प्रक्षेपणातील पाच मिनिटे राखून ठेवणे मुळीच अवघड नव्हते. गोल्डबर्ग पुढे २०१७ मध्ये बेलाटर या प्रतिस्पर्धी संस्थेकडे गेले.

आता बदलाचा आणि निरोपाचा तोच प्रश्न रोगन यांच्याबाबत विचारला जातो. २००२ पासून समालोचन करणारे रोगन हल्ली मोजक्याच मोठ्या स्पर्धांना बसतात. त्यांच्यानंतर डॅनियल कॉर्मिये यांच्यासारखा माजी विजेता असावा, असे कुस्तीतून आलेल्या आपल्याकडील अनेकांना वाटते, कारण कॉर्मिये स्वतः ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले मल्ल आहेत. तो बदल होईल तेव्हा त्याची तारीख आधी जाहीर व्हावी आणि शेवटच्या लढतीनंतर रोगन यांना प्रेक्षकांशी बोलू द्यावे, इतकीच नागपूरच्या या चाहत्यांची मागणी आहे.